दुसरी वेलांटी

"मी गेल्यावर कोणाच्या चुका काढशील रे?" असं ताईनं कपडे वाळत घालता घालता विचारलं, आणि तिथून या सगळ्या भानगडीला सुरुवात झाली.

ताई म्हणजे रफाररावांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून, म्हणजे गेली चौदा वर्षं, ती धाकट्या भावाकडेच राहत होती. आता लेकीनं तिला परदेशी बोलावून घेतलं होतं, आणि तेही कायमचं. तिकीट सहा महिन्यांनंतरचं होतं. रफारराव चोपन्न वर्षांचे. लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, ते विचारू नका, त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. लग्नाच्या वयात ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत खाली मान घालून बसले होते, आणि मान वर केली तेव्हा ते वय निघून गेलं होतं, एवढंच.

रफारराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. एकदा एका बड्या घरची लग्नपत्रिका छापली जात असताना त्यात 'आर्शीवाद' दिसला, आणि या गृहस्थांनी स्वतः जाऊन मशीनचं बटण बंद केलं. "रफार 'वा'वर असतो, 'शी'वर नाही!" असं ते अख्ख्या छापखान्यासमोर ओरडले. मशीन चार तास बंद राहिलं, पत्रिका दोन दिवस उशिरा गेल्या, आणि नाव मात्र कायमचं चिकटलं. दुसऱ्यांच्या लग्नातला आशीर्वाद दुरुस्त करण्यात यांनी एवढी वर्षं घालवली, आणि स्वतःच्या वाट्याला आला तो नुसता रफार.

"कोणी तरी बोलायला हवं रे माणसाला," ताई म्हणाली. "तुला एकट्याला या घरात सोडून जायचं म्हणजे माझा जीव तिकडे लागायचा नाही. ती ॲपं असतात म्हणे हल्ली. त्यातलं एखादं बरंसं बघ."

हे वाक्य वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी ऐकलं. विमावाल्यांचा कान इतका तयार, की आपल्या घरात खोकला आला तर ते वरून औषध सांगतात. पाचव्या मिनिटाला ते चपला न घालताच खाली आले. "हे बघा, जिथं सगळ्यात जास्त माणसं, ते ॲप घ्या. विम्याचंही तसंच असतं. गर्दी कधी फसत नाही." स्वतः विमावाल्यांचं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी वर्षं त्यांनी जिन्यात उभं राहून काढली होती. पण सल्ल्याला अनुभव लागतो, असं थोडंच आहे!

रफाररावांना गर्दीचा हिशेब पटला नाही. त्यांची स्वतःची एक पद्धत होती. त्यांचं म्हणणं असं, की ज्या कंपनीला दोन शब्द नीट जोडता येत नाहीत, ती दोन माणसं काय जोडणार? तेव्हा प्रत्येक ॲपच्या 'अटी व शर्ती' पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचायच्या, चुका मोजायच्या, आणि सगळ्यात कमी चुका ज्याच्या, ते ॲप घ्यायचं. जगात आजवर अटी व शर्ती कोणी वाचलेल्या नाहीत. ज्यांनी लिहिल्या त्यांनीही वाचलेल्या नसतात. रफाररावांनी त्या छापखान्यात छापून घेतल्या, पेन्सिलीला टोक काढलं आणि रविवार सत्कारणी लावायला बसले.

पहिल्या ॲपवर बदामाचं चित्र होतं. ते उघडल्याबरोबर त्यानं विचारलं, 'तुम्ही एकेरी आहात का?'

"मी आयुष्यात कोणाशी एकेरीवर आलेलो नाही," रफारराव ताईला म्हणाले, आणि त्यांनी 'नाही' दाबलं. त्याबरोबर ॲपनं त्यांना विवाहित समजून बाहेर काढलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मन मारून 'हो' म्हटलं. पुढच्या पानावर लिहिलं होतं, 'अभिनंदन! तुम्हाला एक काडेपेटी मिळाली आहे. तिच्यासोबत खजुरावर जाण्यास तयार आहात?' कोणा यंत्रानं मॅचची काडेपेटी केली होती आणि डेटचा खजूर. ताई हसून हसून खाली बसली. रफाररावांना हसू आलं नाही. आपल्या आयुष्यातली कदाचित शेवटची संधी, आणि तिची अशी काडेपेटी व्हावी, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

दुसरं पतंगाचं ॲप. त्यात सातव्या कलमापर्यंत एकसष्ट चुका निघाल्या. 'दीर्घकालीन' हा शब्द तर प्रत्येक वेळी 'दिर्घकालीन' असा होता. ज्यांना दीर्घ हा शब्दच दीर्घ लिहिता येत नाही, त्यांनी दीर्घकाळाच्या गोष्टी कराव्यात?

तिसरं छत्रीचं ॲप. त्यात चव्वेचाळीस कलमं होती, आणि चूक फक्त एक. एकतिसाव्या कलमात 'नविन' असं होतं, ते 'नवीन' हवं. बाकी सगळं कसं स्वच्छ. स्वल्पविरामसुद्धा जिथल्या तिथं. रफाररावांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "हेच." इतक्या हळू आवाजात त्यांनी आजवर काहीच पसंत केलेलं नव्हतं.

"किती माणसं आहेत त्यात?" विमावाल्यांनी जिन्यातून विचारलं.

"आमच्या वयोगटात अकरा."

"अकरा? अहो, एवढी तर माझ्या घरी जेवायला असतात!"

पण निवड झाली होती. आता नाव नोंदवायचं. तिथंच घोडं पेंड खायला लागलं. ॲपवर ओळखपत्र दाखवावं लागे, आणि रफाररावांच्या ओळखपत्रावर त्यांच्या नावातली वेलांटी चुकीची पडली होती. हवी होती दुसरी, म्हणजे दीर्घ, आणि छापली होती पहिली, ऱ्हस्व. गेली नऊ वर्षं ते कार्ड त्यांनी पाकिटात उलटं ठेवलं होतं. ॲपवर त्यांनी नाव बरोबर लिहिलं, आणि ॲप म्हणालं, 'नाव जुळत नाही. ही व्यक्ती आपण नाही.'

"लिही की बाबा पहिली!" ताई म्हणाली. "कोण बघतंय?"

"स्वतःचं नाव चुकीचं लिहून मी कोणाच्या दारात उभा राहू?"

"अरे, तुला अजून पहिली मिळेना आणि तू दुसरीसाठी भांडत बसलायस!"

रफाररावांनी अर्धी रजा काढली आणि ओळखपत्र दुरुस्तीच्या कार्यालयात गेले. दोन तास रांगेत उभे राहिल्यावर खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "काय बदलायचंय?"

"पहिली काढून दुसरी हवी आहे."

आता मात्र कारकुनानं मान वर केली. "पहिलीची संमती आहे?"

"तिच्या संमतीचा काय संबंध? ती मुळात आलीच चुकून. तुमच्याच माणसांनी लावून दिली."

"आम्ही?"

"नाहीतर कोणी? मी जन्मभर दुसरीच लावत आलोय. माझे वडीलसुद्धा दुसरीच लावायचे."

मागं उभ्या असलेल्या बाईंनी पदर सावरून दोन पावलं मागं घेतली. "काय बाई एकेक घराणी!" असं त्या शेजारणीला म्हणाल्या, तेही चांगलं ऐकू जाईल असं. 'वेलांटी, वेलांटी!' असा खुलासा होईपर्यंत अर्ध्या रांगेनं रफाररावांना नीट पाहून घेतलं होतं. त्यातले एक गृहस्थ त्यांच्या छापखान्यात बिलबुकं छापून घ्यायला येत.

"वेलांटी होय! मग आधी नाही का सांगायचं!" कारकून म्हणाला. "प्रतिज्ञापत्र आणा, दोन साक्षीदार आणा, आणि शाळा सोडल्याचा दाखला." दाखला ताईनं ट्रंकेतून शोधून काढला. घडीवर घडी बसून त्याला बरोबर त्याच अक्षराच्या जागी भोक पडलं होतं. तो घेऊन रफारराव पुन्हा गेले, तेव्हा कारकुनानं भोकातून त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "यात पहिली पण नाही आणि दुसरी पण नाही." एवढं बोलून त्यानं खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी झाली होती.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी छत्रीच्या ॲपलाच सविस्तर लिहिलं. ॲपमध्ये 'मदतकक्ष' म्हणून एक जागा होती. तिथं त्यांनी तक्रार मांडली, दाखल्याचा फोटो जोडला, आणि जाता जाता एकतिसाव्या कलमातलं 'नविन'ही कळवलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या चहाला उत्तर आलं. 'आपली तक्रार वाचली. नावातली वेलांटी ज्याची त्यानं ठरवायची असते, यंत्रानं नाही. दाखला मोठा करून पाहिला. भोकाच्या उजव्या कडेला रेघेचं टोक शिल्लक आहे. पहिली वेलांटी असती, तर ते डावीकडे असतं. तेव्हा ती दुसरीच. तशी नोंद करून देते. राहिलं 'नविन'. ती चूक मी मुद्दाम ठेवली आहे. कंपनी म्हणाली होती, अटी कोणी वाचत नाही, भरा काहीही. मी सगळं नीट लिहिलं आणि एकच चूक ठेवली. म्हटलं, कधी तरी कोणी तरी कळवेल. दोन वर्षं झाली. कळवणारे तुम्ही पहिले. — मदतकक्ष.'

रफाररावांनी ते चार वेळा वाचलं. एकही चूक सापडली नाही. चहा निवून गेला.

"'देते' लिहिलंय," ताईनं घरी वाचून सांगितलं. "म्हणजे बाई आहेत."

"मुद्दाम केली तरी चूक ती चूकच," रफारराव म्हणाले. आणि त्यांनी तसं कळवूनही टाकलं. त्यावर उत्तर आलं, 'खरं आहे. पण राहू देते. आता तिचं काम झालंय.'

इथून पुढं रोज दुपारी चार वाजता रफाररावांचा फोन वाजू लागला. त्यांनी प्रत्येक निरोपाला नियमानं विषय घातला. विषय: 'पाहत' की 'पहात'. विषय: स्वल्पविरामाचा अतिरेक. मदतकक्षाकडूनही तितक्याच नेटानं उत्तरं येत. पण त्या उत्तरांत हळूहळू विषयाबाहेरचंही येऊ लागलं. मदतकक्षाच्या खिडकीतून बसचा डेपो दिसतो. मदतकक्षाचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि शिडीवरून ओरडून लेकीला ऱ्हस्व-दीर्घ विचारायचे. मदतकक्ष जेवणाचा डबा एकटाच खातो. रफाररावांनीही मशीन बंद केल्याची हकिकत लिहिली. 'मी असते, तर मीही बंद केलं असतं,' असं उत्तर आलं. त्या दिवशी रफारराव घरी येताना चक्क शीळ घालत होते. विमावाल्यांनी जिन्यात वाकून पाहिलं, कोण आलं म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, यात न कळण्यासारखं काय आहे? शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण रफारराव पडले नियमांचे माणूस. जोडीदार शोधायचा तो सभासदांच्या यादीत, आणि मदतकक्ष काही यादीत नव्हता. म्हणून ते प्रामाणिकपणे त्या अकरा जणांतच शोधत राहिले, आणि कहर म्हणजे, कसं लिहू, काय लिहू, हे मदतकक्षालाच विचारत राहिले. ती बिचारी सांगत राहिली.

तिच्याच सांगण्यावरून ते एका पोहणं शिकवणाऱ्या बाईंना भेटायला उपाहारगृहात गेले. बाई चांगल्या मोकळ्या स्वभावाच्या होत्या. बोलणंही रंगात आलं होतं. एवढ्यात रफाररावांच्या हातात पदार्थांचं कार्ड आलं. त्यावर सतरा चुका होत्या. त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. पेन्सिल चालताना पाहून मालकाला वाटलं, तपासणीला साहेब आले. तो धावत आला, आणि खरा प्रकार समजल्यावर इतका खूश झाला, की "साहेब, भिंतीवरचा फलकपण बघा ना जरा" म्हणाला. रफारराव स्टुलावर चढले. फलक मोठा होता. ते उतरले तेव्हा बाईंच्या खुर्चीवर दुसरंच कुटुंब बसलं होतं.

ही हकिकत त्यांनी दुसऱ्या दिवशी चार वाजता जशीच्या तशी कळवली. उत्तर आलं, 'फलकावर किती निघाल्या?'

'नऊ,' रफाररावांनी लिहिलं.

'मी थांबले असते,' असं मदतकक्षानं लिहिलं होतं. रफाररावांनी वाचलं, वाक्य व्याकरणदृष्ट्या तपासलं, आणि कामाला लागले.

असे चार महिने गेले. आणि मग एके दिवशी सगळ्या सभासदांना सूचना आली, की सभासद अपुरे असल्यामुळे ही सेवा महिनाअखेर बंद होत आहे. "मी सांगितलं होतं, गर्दी बघा," विमावाले म्हणाले. त्यांचं बरोबर निघालं, याचं रफाररावांना विशेष वाईट वाटलं.

शेवटच्या आदल्या दिवशी छापखान्यात शाळेच्या पुस्तकाची घाई होती. टेबलावर मुद्रितांची ही चळत. चार वाजता फोन वाजला. 'उद्या संध्याकाळी सहा वाजता हा कक्ष बंद होईल. रोज चार वाजता तुमचा निरोप यायचा, त्याची सवय झाली होती. मला तुमची उणिव भासेल. उत्तराची वाट पाहते. 'पहाते' नव्हे. — मदतकक्ष.'

रफाररावांची नजर तिसऱ्या वाक्यावर अडकली. चार महिन्यांतली पहिली चूक! खोटं कशाला बोला, त्यांना थोडा आनंदच झाला. त्यांनी लगेच लिहिलं, 'उणीव. 'णी' दीर्घ. दुसरी वेलांटी.' आणि पुढचं मुद्रित ओढलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला नाही. सहाला दहा कमी असताना वाजला. 'दुरुस्त केलं. आभारी आहे.' एवढंच. खाली 'मदतकक्ष' नव्हतं. रफाररावांना वाटलं, घाईत राहून गेलं असेल.

घरी ताई बॅगा भरत होती. तिचं विमान दोन दिवसांवर आलं होतं. स्वेटरची घडी घालता घालता तिनं विचारलं, "बंद झालं का रे ते? शेवटी काय म्हणाल्या बाई?"

रफाररावांनी कालचा निरोप शब्दन् शब्द तोंडपाठ म्हणून दाखवला. ताईची घडी अर्धीच राहिली. "आणि तू काय लिहिलंस?"

"दुसरी वेलांटी."

"आणि?"

"आणखी काय? बाकी बरोबर होतं."

ताई पलंगावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे स्वेटर बाजूला ठेवत म्हणाली, "अरे वेड्या, तिनं दार उघडून धरलं, आणि तू बिजागरीला तेल नाही म्हणून सांगून आलास. जी बाई एवढ्या दिवसांत स्वल्पविराम चुकली नाही, ती वेलांटी चुकेल होय?"

तेव्हा कुठं रफाररावांना एकतिसावं कलम आठवलं. म्हटलं, कधी तरी कोणी तरी कळवेल. त्यांनी घाईघाईनं ॲप उघडलं. छत्री नव्हती. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ होती, 'ही सेवा आता बंद झाली आहे. आपण सोबत होता, त्याबद्दल आभार.' त्या ओळीत चूक असावी म्हणून त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. चूक असती, तर काही तरी मार्ग आहे असं वाटलं असतं. ओळ शुद्ध होती.

आणि नाव? नाव त्यांनी चार महिन्यांत विचारलंच नव्हतं. विचारलं असतं, तर निदान त्यातली वेलांटी तरी माहीत असती.

ताई गेली. निरोप देताना ती रडली, रफारराव रडले नाहीत. त्यांना सामानाची चिठ्ठी तपासायची होती. घरी आल्यावर मात्र दोन ताटं मांडली गेली, आणि तेव्हा त्यांना आवरलं नाही.

मग त्यांनी पत्र लिहिलं. चव्वेचाळिसाव्या कलमात कंपनीचा पत्ता होता, आणि अटी व शर्तींची छापील प्रत त्यांच्याकडे होतीच. अख्ख्या जगात असा पत्ता जपून ठेवणारा हा एकच माणूस. सात कच्चे खर्डे झाले. आठवं पत्र पाठवलं. 'मदतकक्षातील बाईंना, चूक मुद्दाम होती हे माझ्या उशिरा लक्षात आलं. खरी चूक माझी. मलाही तुमची उणीव भासते.' तीन आठवड्यांनी पत्र जसंच्या तसं परत आलं. पाकिटावर निळ्या शाईत शेरा होता, 'कार्यालय स्थलांतरीत'. 'स्थलांतरित' हवं, हे रफाररावांना लांबूनच दिसलं. त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला, आणि तसाच परत आला.

त्या दुपारी जेवण झाल्यावर ताईचा निरोप आला. 'जेवलास कि नाही?' ताई नेहमी 'की' ऱ्हस्वच लिहायची, आणि रफारराव नेहमी उलट टपाली 'की दीर्घ' असं पाठवायचे. चौदा वर्षं हे चालू होतं. घराच्या किल्लीच्या चिठ्ठीवरसुद्धा.

रफाररावांनी लिहिलं, 'जेवलो. तुझी उणीव भासते.'

अर्ध्या मिनिटात फोन वाजला. ताई एका दमात विचारत सुटली. "काय झालं रे? बरं नाही का? डॉक्टरांकडे गेलास का? विमावाल्यांना बोलव आधी!"

"अगं, मी चांगला आहे. काय झालं तुला?"

"मग 'कि'ला काही बोलला कसा नाहीस?" ताई म्हणाली. "माझा तर जीवच उडाला. मुद्दाम ऱ्हस्व लिहिते मी. म्हटलं, दुसरं काही नाही, तर चूक काढायला तरी हा बोलेल."

"मुद्दाम?"

"नाही तर काय! चौदा वर्षं तुझ्या घरात राहिले, मला 'की' लिहिता येत नाही होय रे?"

रफारराव खुर्चीत बसले. आजवर त्यांनी किती जणांच्या किती चुका काढल्या, त्याची गणती नव्हती. त्यातल्या मुद्दाम केलेल्या किती, हे आता कोणाला विचारायचं, ते त्यांना कळेना. पलीकडे ताई "हॅलो, हॅलो, आहेस ना?" म्हणत होती.

"आहे," रफारराव म्हणाले. "तू बोल. मी नुसतं ऐकतो."